पटावरचं तेविसावं नाव

१

निवृत्त माणूस दुपारी घरात असला की बायकोच्या पायात पायात येतो, असं सुरेखाबाईंचं मत होतं. ओव्हाळ सरांनी उभ्या संसारात बायकोची जी मोजकी मतं विनातक्रार मान्य केली, त्यातलं हे एक. म्हणून २००७ सालच्या त्या उन्हाळ्यात सर रोज दोन वाजता शिरूरच्या एसटी स्टँडामागं करुणाच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसत आणि चारला उठत. तिथं ते नेमकं काय करतात, हे सुरेखाबाईंना नीटसं कधी उमगलं नाही. शेजारणीनं विचारलं तर त्या सांगत, "वह्या तपासत्यात. रिटायर झाले तरी खोड जाईना."

आणि ते काही फार खोटं नव्हतं. इंटरनेटवर मराठीतला एक मोकळा ज्ञानकोश नुकता बाळसं धरत होता. कुणीही वाचावा, कुणीही त्यात लिहावं. लिहायला येणारी नवी माणसं मोठ्या हौसेनं येत आणि पहिल्याच उंबऱ्याला ठेचकाळत. कुणी इनामगाववर लेख लिहायला घेई, आणि तिथं घोड नदीच्या काठाला मातीखाली हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली हे सांगायचं सोडून, "तरी सर्वांनी सहकुटुंब अवश्य यावे" असं आमंत्रण देऊन मोकळा होई. कुणी आपल्या सख्ख्या मामाचं चरित्र लिही आणि शेवटी मामाचा मोबाइल नंबर टाकी. पुण्यातले जुने संपादक असले लेख एका झटक्यात उडवत. मग नवखा हिरमुसून जाई, तो परत फिरकत नसे.

सरांनी हे काम आपणहून मागून घेतलं होतं. नव्या संपादकासाठी एक चर्चेचं पान असे, तिथं सर तीन ओळी लिहीत. पहिल्या ओळीत काय चांगलं जमलं ते. दुसरीत काय चुकलं ते, आणि तेही एकच, दोन नाहीत. तिसरीत आता पुढं काय करायचं ते. शेवटी सहीच्या आधी, "लिहीत राहा." मामाच्या त्या भाच्याला त्यांनी लिहिलं होतं, "तुमची वाक्यं सुटसुटीत आहेत. फोन नंबर तेवढा काढा, मामांची झोप उडेल. तुमच्या गावच्या बाजाराची माहिती कुठंच नाही, ती लिहाल का?" भाच्यानं बाजारावर असा फर्मास लेख लिहिला की वाचताना भज्यांचा वास यावा.

"ओव्हाळ सर, एवढा गोडवा आणता कुठून?" असं पुण्याच्या सत्यजीतनं एकदा लिहून विचारलं. सत्यजीत हा तिथला प्रचालक, म्हणजे कुठला लेख ठेवायचा नि कुठला काढायचा हे ठरवणाऱ्यांतला. सरांनी पुढच्या नवख्याचं पान उघडलं. हा गोडवा त्यांना उशिरा आला होता, आणि कशामुळं आला ते सांगण्यासारखं नव्हतं.

२

एप्रिलमध्ये एक नवं नाव आलं. सदस्य, डोहवाडीकर. पहिलाच लेख, 'डोहवाडी'.

सरांनी खुर्ची पुढं ओढली. डोहवाडी म्हणजे दौंड तालुक्यात राहू गावाच्या पुढं, भीमेच्या काठाला पंचवीस उंबऱ्यांची वस्ती. चांगदेव ओव्हाळ हा चोवीस वर्षांचा, नुकताच डी.एड. झालेला पोरगा १९७२ साली पहिल्या नेमणुकीवर गेला तो तिथल्या एकशिक्षकी शाळेत. पुढं बी.एड. करून ते शिरूरच्या हायस्कुलात आले आणि तिथंच गेल्या वर्षी निवृत्त झाले. वस्तीही केव्हाच उठून वर सडकेला गेली. डोहवाडीवर लेख लिहावा असं जगात कुणाला वाटेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

लेख वाचता वाचता त्यांनी चष्मा दोनदा पुसला. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता, हे त्यात होतं. तो तुकडा ज्या निंबाला टांगला त्याच्या खोडात दप्तरं अडकवायला मारलेल्या खिळ्यांची संख्या होती. पाटी थुंकीनं पुसू नये म्हणून गुरुजींनी दारात पाण्याचं भगुलं ठेवलं होतं आणि सगळी पोरं ओल्या हातानं पाट्या पुसून उन्हात हलवत उभी राहत, हेही होतं. ओल्या पाटीचा तो वास तेहेतीस वर्षांनी सरांच्या नाकाशी आला. किती साधे दिवस होते ते, आणि किती लवकर गेले. 

मग त्यांनी नेमाप्रमाणं तीन ओळी लिहिल्या. "फार सुंदर लिहिलंत, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. एकच उणीव आहे, संदर्भ नाही. ज्ञानकोशात नुसती आठवण चालत नाही, कागद लागतो. एखाद्या जुन्या कागदाचा आधार देता आला तर पाहा. लिहीत राहा."

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. "बरं गुरुजी."

सर त्या शब्दाकडं बघत राहिले. हायस्कुलात आयुष्य गेलं, तिथं सगळे 'सर' म्हणत. गुरुजी ते फक्त डोहवाडीत होते. पण सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी लगेच मनाची समजूत घातली की वडीलधाऱ्याला गुरुजी म्हणायची रीतच आहे, त्यात विशेष काय.

लेखाच्या तळाला संदर्भही आला होता. 'हजेरीपत्रक, एकशिक्षकी शाळा, डोहवाडी, सन १९७४, पान ११.'

३

ते हजेरीपत्रक जगात एकाच ठिकाणी होतं. सरांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत. बदलीच्या वेळी चार्ज देताना ते चुकून त्यांच्या पुस्तकांत आलं, आणि परत करायचं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

"आता भर उन्हाचं काय काढलं ट्रंकेतलं?" सुरेखाबाईंनी दारातून विचारलं.

"काही न्हाई. एक पान बघायचं हाय," सर म्हणाले. घरात ते असंच बोलत. शुद्ध मराठी ते चपलेबरोबर दाराशी ठेवत.

अकराव्या पानावर बावीस नावं निळ्या शाईत होती. तेविसाव्या नावावर लाल रेघ मारलेली होती आणि पुढं सरांच्याच वळणदार अक्षरात शेरा होता. 'सतत गैरहजर. नाव कमी.'

सुरेखाबाई शेजारी येऊन बसल्या. "कोण व्हती ही सरू?"

सरांनी हे तेहेतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

सरू नदीच्या पलीकडून यायची. बापाच्या होडीतून. पाय कायम ओले आणि घोट्यापर्यंत गाळानं माखलेले. तपासणीला साहेब येणार होते, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना 'आमचे गाव' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. साहेबांना आवडतील अशा दहा ओळी त्यांनी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. पोरांनी त्या उतरवायच्या होत्या. सरूनं स्वतःच्या नऊ ओळी लिहिल्या. निंबाचे खिळे, रुळाची घंटा, पाण्याचं भगुलं. दहावी ओळ लिहीत असताना गुरुजी तिच्यापाशी आले आणि त्यांचं डोकं फिरलं. "असलं कोण वाचणार?" असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गादेखत आपल्या तळहातानं तिची पाटी पुसून टाकली.

"ती रडली न्हाई," सर म्हणाले. "उभी राह्यली आन् इचारलं, काय चुकलं गुरुजी? दोनदा इचारलं. मी म्हणलं, खाली बस."

"काय चुकलं व्हतं?"

"काहीच न्हाई गं. काही चुकलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. शाळेच्या दारातून नदीपलीकडं तिच्या घराचं छप्पर दिसायचं, पण गुरुजी विचारायला गेले नाहीत. पंधरा दिवस वाट पाहिली, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीचा आकडा चांगला दिसावा म्हणून नाव कमी केलं. दिवाळीनंतर कळलं की ते बिऱ्हाड तिथं नाही. कुणी म्हणालं कारखान्यावर गेले. कुणी नुसतं नदीच्या डोहाकडं बघितलं.

सुरेखाबाईंनी लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जायाला पायजे व्हतं तुमी."

"व्हय," सर म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी तीन वाजता नेहमीप्रमाणं वीज गेली. शिरूरला तेव्हा भारनियमन असे. करुणाचा इन्व्हर्टर दोनच मशिनं ओढायचा, त्यातलं एक सरांचं, चार नंबरचं. पंखे थांबले, झेरॉक्सची घरघर थांबली, आणि मग सरांना तो आवाज ऐकू आला.

पाटीवर पेन्सिल ओढल्याचा. शिक्षकाला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. मध्येच पेन्सिलीत खडा लागला की दाताला शहारा आणणारी एक चिरक निघते, तीसुद्धा निघाली. आवाज प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडून, पाच नंबरमधून येत होता.

"करुणा, पाचला कोण बसलंय?"

काउंटरवरून करुणानं मान वर केली. ही तिशीतली बाई, कॅफे एकटीनं चालवायची आणि गिऱ्हाइकाला शेंडी लावू द्यायची नाही. "पाचला कोण बसंल सर? त्याचं मशिन दुरुस्तीला पुण्याला गेलंय, दोन म्हैने झालं. नुसती खुर्ची आन् कागदाचे गठ्ठे हायेत तिथं."

"आवाज येतोय."

"उंदीर आसंल. कालच दोन रिमं कुरतडल्याती." तिनं उठून पाच नंबरचा पडदा सरकवला, आत बघितलं आणि परत सोडला. "न्हाई कुणी. फरशी तेवढी वल्ली झालीया. वरची टाकी गळती काय की."

सरांनी मान डोलावली. उंदीर आणि टाकी ही दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. त्यांनी पडद्याकडं पाठ केली आणि स्क्रीनवर नजर टाकली. डोहवाडीकरानं नवा लेख लिहायला घेतला होता. लेखाचं नाव 'सरू'.

नऊ ओळी आल्या. एक ओळ उमटायची, मग पलीकडं पेन्सिल चालायची, मग दुसरी उमटायची. बापाची होडी, पलीकडचं छप्पर, खिळे, घंटा, भगुलं. नवव्या ओळीखाली दहाचा आकडा टाकलेला होता आणि पुढं जागा कोरी होती. चर्चेच्या पानावर प्रश्न होता. "काय चुकलं गुरुजी?"

सरांचे हात कीबोर्डवर आले. काहीच चुकलं नाही, एवढे तीन शब्द लिहायचे होते. चार वाजेपर्यंत ते लिहिणं झालं नाही.

५

आठवडाभरात सत्यजीतचा निरोप आला.

'ओव्हाळ सर, जरा नाजूक विषय आहे. डोहवाडीकर आणि तुम्ही एकाच ठिकाणाहून, एकाच वेळेला लिहिता असं तपासात दिसतंय. दुसरं खातं तुमचंच असेल तर सांगून टाका. नसेल, तर 'सरू' हा लेख तुम्हीच काढा. शाळेतल्या एका मुलीवर ज्ञानकोशात लेख राहू शकत नाही, हे तुम्हीच नव्यांना शिकवता. काढायचे अधिकार तुम्हाला परवाच दिलेत. लोक बोलायला लागलेत. आजच काढलात तर विषय मिटेल.'

सरांच्या मनात आलं, खरंच आपणच लिहीत नसू कशावरून? वय झालं. अपराध मनात कुजत राहिला की माणसाचा हात त्याला न विचारता चालत असेल. हा विचार तसा भीतीदायक, पण त्यांना त्यातल्या त्यात सोयीचा वाटला. आपलंच आपण पुसतोय म्हटल्यावर अपराध कसला?

आणि खरं सांगायचं, तर हे दुपारचे दोन तास त्यांना सोडवत नव्हते. अधिकार गेले असते, नाव खराब झालं असतं, मामाचे भाचे दुसऱ्या कुणाकडं गेले असते. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर १९७४ साली जी भीती वाटली होती, तीच आत्ताही वाटली. माणूस गोड बोलायला शिकतो, म्हणून तो बदलतोच असं नाही.

तीनला वीज गेली. सरांनी तीन ओळी लिहिल्या. "तुमची आठवण आणि तुमची भाषा दोन्ही उत्तम आहेत. एकच अडचण आहे, हा विषय ज्ञानकोशात बसत नाही. डोहवाडीच्या लेखात मात्र भर घालत राहा. लिहीत राहा."

पेन्सिल चालायची थांबली.

लेख काढताना खिडकी उघडते, तिच्यात कारण लिहावं लागतं. सरांना लिहायचं होतं, 'विषय बसत नाही'. बोटांनी लिहिलं, 'नाव कमी'. त्यांनी ते वाचलं. खोडायला वेळ होता. त्यांनी बटण दाबलं.

पाच नंबरमध्ये ओल्या हातानं पाटी पुसल्याचा आवाज आला. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

६

रात्रीचं जेवण लवकर उरकलं. सुरेखाबाई ताटं उचलत म्हणाल्या, "त्या पोरीचं माझ्या सारकं मनात येतंय. काय वो नाव तिचं? आत्ता व्हतं तोंडात."

सरांनी सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

सगळं आठवत होतं. होडी, गाळानं माखलेले पाय, वरच्या ओठावरचा घाम, 'काय चुकलं' म्हणतानाचा आवाज. नाव तेवढं नव्हतं. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा मोकळ्या जागेशी जाते, तसं त्यांचं मन तिथं जाऊन परत येऊ लागलं. ते उठले, ट्रंक ओढली, हजेरीपत्रक उघडलं. अकरावं पान. बावीस नावं निळ्या शाईत होती. त्याखाली ओळ कोरी होती. लाल रेघ नव्हती, शेरा नव्हता, खरवडल्याची खूणही नव्हती. सरांनी पान दिव्याला धरून बघितलं. कागद फक्त किंचित दमट होता.

"सत्यजीतला इचारतो सकाळी," ते स्वतःशीच म्हणाले.

सकाळी त्यांनी एसटीडी बूथवरून फोन लावला. सत्यजीत भला माणूस, त्यानं यादी दोनदा तपासली. "कुठला लेख सर? तुम्ही काल काहीच काढलेलं नाही. आणि डोहवाडीकर नावाचं खातंच नाही आपल्याकडं. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे," सर शुद्ध मराठीत म्हणाले.

७

दोन वाजता ते कॅफेत जाऊन बसले. आजवर दुसऱ्यांच्या पानांवर लिहिणाऱ्या सरांच्या स्वतःच्या चर्चेच्या पानावर निरोप आला होता. खाली कुणाचं नाव नव्हतं.

'गुरुजी, तुमचं अक्षर अजून छान आहे.
पटावर एक नाव राहिलं आहे.
आठवून लिहा, घाई नाही. मी शेजारीच बसले आहे.
लिहीत राहा.'

सरांनी ते तीनदा वाचलं. त्यात एकही शब्द कडू नव्हता. एखाद्या नवख्याला इतकं सांभाळून त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

तीनला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. प्लायवूडच्या भिंतीखाली वीतभर फट होती, केर काढायला ठेवलेली. सरांनी चष्मा सावरला, खुर्ची मागं सारली आणि खाली वाकून बघितलं.

पलीकडच्या खुर्चीखाली दोन लहान पाय लोंबत होते. जमिनीला टेकत नव्हते. घोट्यापर्यंत ताजा गाळ होता आणि अंगठ्यावरून पाणी ठिबकत होतं. वर्गात कंटाळलेलं पोर हलवतं तसे ते पाय मागंपुढं हलत होते. मग थांबले, गुरुजी बघतायत हे कळल्यासारखे.

सर हळूच वर झाले आणि नीट बसले. त्यांना ओरडावंसं वाटलं नाही, पळावंसंही वाटलं नाही. तेहेतीस वर्षांनी वर्गात पोर आलं होतं आणि त्यांना त्याला हाक मारता येत नव्हती, एवढंच त्यांना वाटलं, आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त भय वाटलं.

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. लिहिलं, 'पारू'.

पलीकडं ओल्या हातानं पाटी पुसली गेली.

'हिरा'. पाटी पुसली गेली. 'तुळसा'. पुसली गेली. 'सगुणा', 'सारजा'. 'सारजा' लिहिल्यावर पेन्सिल क्षणभर पाटीला टेकल्यासारखी वाटली, आणि सर भिंतीकडं झुकले. मग तळहात सावकाश पाटीवरून फिरला.

"सर, चार वाजलं," करुणा काउंटरवरून म्हणाली. "उठायचं न्हाई का आज?"

"थांब जरा. एकच राह्यलंय."

तिनं मान उंचावून बघितलं. सर स्क्रीनकडं तोंड करून बसले होते आणि बाजूच्या भिंतीला कान लावून होते. घाम कपाळावरून चष्म्यात उतरला होता. ते अगदी हळू, लहान पोराशी बोलावं तसं बोलत होते.

"काय चुकलं?" ओव्हाळ सरांनी विचारलं. थोडं थांबून पुन्हा एकदा विचारलं.

पलीकडून कुणी काही सांगितलं नाही.